ओट्यामागची भिंत

स्वयंपाकघरातल्या चार भिंतींपैकी सगळ्यात जास्त सोसते ती ओट्यामागची. फोडणीचे तेल तिच्यावर उडते, कुकरच्या शिट्टीबरोबर डाळीचे पिवळे पाणी तिच्यावर पडते, सिंकमागचा भाग दिवसभर ओला राहतो आणि शेगडीमागच्या भागाला दोन्ही वेळची धग लागते. या भिंतीवर ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत टाइल्सचा जो पट्टा बसवतात, त्याला गवंडी आणि दुकानदार दोघेही ‘डॅडो’ म्हणतात. काम तसे लहान. बहुतेक घरांत ते पंचवीस-तीस चौरस फुटांत आटोपते. एवढ्याशा कामाचा विचार तो काय करायचा, असे म्हणून लोक दुकानात रंग पसंत करतात, मिस्त्रीला तारीख देतात आणि मोकळे होतात. मग सांधे हळदीने पिवळे पडतात, तीन-चार वर्षांत शेगडीमागची एखादी टाइल पोकळ वाजायला लागते आणि एखाद्या दिवशी सिंकमागची टाइल अख्खीच्या अख्खी हातात येते. अशा वेळी टाइलला नावे ठेवली जातात. खरा दोष मात्र बहुधा तिच्या मागे असतो, भिंतीत आणि ती चिकटवणाऱ्या मालात.

म्हणून या प्रकरणात टाइलइतकेच भिंतीबद्दल बोलायचे आहे. त्यासाठी उदाहरण घेऊ ग्वाल्हेरच्या मराठी घरांचे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये सगळ्या भिंती सारख्याच. विटांच्या किंवा ब्लॉकच्या, वर सिमेंटचा गिलावा. ग्वाल्हेरात मात्र एकाच कुटुंबाच्या दोन घरांत दोन वेगळ्या जातींच्या भिंती सापडतात. थोरला भाऊ लष्कर नावाच्या जुन्या भागातल्या वाड्यात, धाकटा सिटी सेंटरकडच्या नव्या इमारतीत. दोघांनी एकाच दुकानातून एकच टाइल आणली, तरी ती लावायची पद्धत एक असू शकत नाही. त्यात तिथली हवा टोकाची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो आणि जानेवारीत धुक्यात सूर्य दिसत नाही. ग्वाल्हेरच्या भिंतीवर जी टाइल नीट बसली, ती कुठेही बसेल.

टाइल या शहराला नवी नाही. किल्ल्यावरचा मानमंदिर महाल राजा मानसिंह तोमर याने बांधला. त्याची कारकीर्द १४८६ ते १५१६. महालाच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत टाइल्सचे पट्टे आहेत. त्यांत हंसांच्या रांगा आहेत, हत्ती आहेत, मगरी आहेत, केळीची झाडे आहेत. बाबर १५२८ साली ग्वाल्हेरला आला, तेव्हा हिरव्या टाइल्समधली केळीची झाडे त्याच्या नजरेत भरली आणि आपल्या आठवणींत त्याने त्यांची नोंद केली. पाचशे वर्षांचे ऊन-पाऊस खाऊन बऱ्याच टाइल्स गळून गेल्या, तरी निळा रंग खालच्या चढावरून आजही दिसतो.

स्वयंपाकघर करायला निघालेल्या माणसाने तो महाल एकदा नुसत्या टाइल्ससाठी पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे सगळी भिंत टाइल्सने झाकलेली नाही. बहुतेक भिंत साध्या वालुकाश्माची आहे, कोरीव कामाची आहे, आणि रंग फक्त नेमक्या पट्ट्यांत आला आहे. म्हणूनच तो उठून दिसतो. आज शोरूममध्ये एका भिंतीसाठी तीन प्रकारच्या टाइल्स सुचवतात: खाली गडद, वर फिकी, मध्ये फळांची नाहीतर कॉफीच्या कपांची छापील चित्रे. चित्राची टाइल दोन वर्षांत डोळ्यांना नकोशी होते आणि त्यातली एक फुटली तर तीच पुन्हा मिळत नाही. एकच साधी टाइल घ्यावी, आणि रंगाची हौस असेल तर एकाच पट्ट्यात पुरी करावी.

दोन घरे, दोन भिंती

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. सरदार, कारकून, भिक्षुक, शिलेदार अशी शेकडो मराठी कुटुंबे तिथे स्थायिक झाली. जनकगंज, दौलतगंज, शिंदे की छावनी, महाडिक की गोठ ही नावे त्याच काळाची खूण सांगतात. या भागातली जुनी घरे स्थानिक वालुकाश्माची. जाड दगडी भिंती, चुन्याची जुळणी, चुन्याचा गिलावा आणि छताला दगडाच्या लांबलचक फरश्या, ज्यांना तिथे पटिया म्हणतात.

या घरांत मूळचा ओटा नव्हताच. चूल जमिनीवर, स्वयंपाक पाटावर बसून. चुलीमागची भिंत काळी व्हायची. तिला रोज पोतेरे फिरायचे आणि सणावारी चुन्याचा हात मारला जायचा. घाण झाली की वरून नवा थर द्यायचा, एवढीच त्या भिंतीची निगा होती. पुढे स्टोव्ह आले, मग गॅस आला. इंडेनचे पहिले सिलिंडर १९६५ साली कोलकात्यात दिले गेले, आणि तिथून पुढच्या दोन-तीन दशकांत शहरांतल्या किती तरी घरांतल्या बायका स्वयंपाकाला उभ्या राहिल्या. उभा ओटा आला आणि त्याच्याबरोबर हा प्रश्नही: आता उडणारे तेल कमरेच्या उंचीवर भिंतीला लागते, आणि तिथे पोतेरे फिरवता येत नाही.

दगड-चुन्याची भिंत ओल पिते आणि सोडते. पायातून चढलेले पाणी, पावसाळ्यात बाहेरून मुरलेले पाणी ती उन्हाळ्यात हवेत सोडून देते. चुना सच्छिद्र असतो, म्हणून हे जमते. अशा भिंतीवर सिमेंटचा दाट गिलावा थापला आणि त्यावर टाइल बसवली की भिंतीचा त्या बाजूचा श्वास बंद होतो. पाणी कुठे जाणार? ते वर चढते आणि टाइल जिथे संपते त्याच्या वरच्या कडेला बाहेर पडते. पाण्याबरोबर आलेले क्षार तिथे वाळतात, रंग फुगतो, पापुद्रे सुटतात. घरचे म्हणतात, टाइल लावल्यावर भिंतीला लोणा लागला. लोणा आधीपासूनच होता, टाइलने त्याची वाट बदलली एवढेच.

अशा घरात टाइल लावूच नये असे नाही. पण काही पथ्ये पाळावी लागतात. ओल कुठून येते ते आधी शोधावे. गळकी मोरी, छतावरची तुंबलेली पन्हळ, शेजारच्या न्हाणीघरातून मुरणारे पाणी यांतले एक तरी कारण बहुधा निघतेच, आणि ते मिटवून एक उन्हाळा जाऊ द्यावा. टाइल्सचा पट्टा दोन फुटांपेक्षा उंच नेऊ नये. छतापर्यंत टाइल लावण्याची आज फॅशन आहे. दगडी भिंतीवर ती महागात पडते. पट्ट्याच्या वरची भिंत ऑइल पेंटने न रंगवता चुन्यानेच रंगवावी, म्हणजे ओलीला बाहेर पडायला जागा राहते. आणि ओल हटतच नसेल, तर भिंतीवर थेट टाइल न लावता लोखंडी जस्ती चौकटीवर सिमेंट बोर्ड बसवून, भिंत आणि बोर्ड यांच्यात बोटभर पोकळी ठेवून, टाइल बोर्डावर लावावी. ओट्याची दीड-दोन इंच रुंदी त्यात जाते, पण काम टिकते. पोकळी वरच्या कडेला उघडी राहील अशी ठेवायला मिस्त्रीला बजावून सांगावे. ती बुजवली तर बोर्ड लावण्यात काही अर्थ राहत नाही.

नव्या घराची गोष्ट सोपी. विटा आणि सिमेंटचा गिलावा. गिलाव्याला निदान आठवडाभर पाणी मारलेले असावे आणि त्यानंतर तो तीन-चार आठवडे वाळलेला असावा. गिलावा वाळताना आक्रसतो, आणि तो आक्रसायच्या आत टाइल लावली तर चिकटलेला थर ताणला जातो. बिल्डर घाईत असतो. आपण नसावे.

भिंतीची परीक्षा

कुठल्याही घरात टाइल विकत घेण्याआधी अर्धा तास भिंतीला द्यावा. बंद मुठीने किंवा हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत हलके ठोकत जावे. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतला फरक लहान मुलालाही कळतो. जिथे भद्द वाजेल तिथला गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे. तो छिन्नीने काढून नवा करावा. ऑइल पेंट असेल तर तो खरवडावा लागतो, कारण टाइल गिलाव्याला न चिकटता रंगाला चिकटते आणि रंगाच्या पापुद्र्याबरोबर सुटून येते. डिस्टेंपर आणि चुन्याचे थरही तसेच. नंतर छिन्नीने टाचे मारून भिंत खरबरीत करावी आणि धूळ ब्रशने झाडून पाण्याने पुसावी.

ओल पाहायची एक खात्रीची युक्ती आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद घ्यावा, त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावाव्यात आणि दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे आणि एक्झॉस्ट पंख्याने भागेल. ही परीक्षा पावसाळा संपताना, पितृपक्षाच्या सुमारास करावी, कारण भिंत तेव्हा सर्वांत जास्त ओली असते. गंमत अशी की नेमकी त्याच वेळी लोकांना टाइल लावायची घाई होते, कारण दिवाळी तोंडावर असते. माझ्या मते दगडी घरात हे काम दिवाळीआधी करूच नये. फेब्रुवारी-मार्च हा ग्वाल्हेरच्या हवेत टाइल लावायला सगळ्यात चांगला काळ: भिंत सुकलेली, थंडी ओसरलेली, उन्हाळा अजून लांब.

मग सरळपणा पाहावा. ॲल्युमिनियमची लांब पट्टी भिंतीला आडवी-उभी-तिरकी लावून मागे किती फट दिसते ते बघावे. तीन-चार मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर गिलाव्याने भिंत आधी सरळ करून घ्यावी. मिस्त्री म्हणतो, ‘मसाले में मिला दूँगा, भैया’. म्हणजे एका टाइलखाली जाड थर आणि दुसरीखाली पातळ. जाड थर जास्त आक्रसतो आणि तिथली टाइल वर्षभरात आत ओढली जाते. भिंत सरळ करणे वेगळे काम आणि टाइल चिकटवणे वेगळे, हे त्याला कामाच्या आधीच सांगावे.

याच टप्प्यावर नळाचे आणि विजेचे सगळे काम संपलेले हवे. भिंतीत गाडलेल्या पाइपला दाब देऊन एक रात्र ठेवावे आणि सकाळी तपासावे. मिक्सर आणि इंडक्शनचे सॉकेट ओट्यापासून आठ-दहा इंच वर घ्यावेत. शेगडीच्या मागे आणि सिंकच्या वर एकही नको. सॉकेटचा डबा गिलाव्याच्या पातळीत न बसवता टाइलच्या जाडीइतका पुढे काढून बसवावा. हे विसरले की झाकणाचे स्क्रू आखूड पडतात आणि इलेक्ट्रिशियन टाइल लावून झाल्यावर ठोकाठोक करत बसतो. गॅसची नळी भिंतीतून जाणार असेल तर तिच्यासाठी आधीच पाइपचा तुकडा बसवून घ्यावा.

कागदावरची टाइल

आता मोजमाप. इथे थोडा वेळ घालवला तर पुढे खूप वाचतो.

ओटा आणि वरचे कपाट यांत दोन फुटांचे अंतर धरू, म्हणजे सुमारे ६१० मिलिमीटर. बाजारात सहज मिळणारी भिंतीची टाइल १२ बाय १८ इंच म्हणून विकली जाते. तिचे खरे माप ३०० बाय ४५० मिलिमीटर. ती आडवी लावली तर दोन ओळींत ३०० अधिक ३००, मधला सांधा २, वरचा सांधा २, असे ६०४ मिलिमीटर होतात. उरलेले पाच-सहा मिलिमीटर ओट्यालगतच्या सिलिकॉनच्या सांध्यासाठी. एकही टाइल उंचीत कापावी लागत नाही. म्हणून कपाटे बसवायच्या आधी टाइल ठरवावी आणि कपाटाची उंची तिच्यावरून घ्यावी. उलटे केले की वरच्या कडेला बोटभर पट्टी कापून लावावी लागते आणि ती कायम नजरेला खुपते.

लांबीतही हाच विचार. आठ फुटांची भिंत म्हणजे २४३८ मिलिमीटर. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर पाच अख्ख्या टाइल्स बसतात आणि शेवटी सुमारे १८ सेंटिमीटरचा तुकडा उरतो. भिंतीच्या मध्यावर टाइलचा मध्य धरला तर पाच अख्ख्या आणि दोन्ही टोकांना नऊ-नऊ सेंटिमीटरच्या पट्ट्या येतात. अशा अरुंद पट्ट्या कापताना तडकतात आणि दिसायलाही वाईट. मध्यावर टाइलऐवजी सांधा धरला तर चार अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही टोकांना साधारण ३१ सेंटिमीटरचे चांगले रुंद तुकडे येतात. टाइल तीच, भिंत तीच, फक्त सुरुवात कुठून केली एवढाच फरक. हिशेब पेन्सिलीने पाच मिनिटांत होतो, आणि मिस्त्रीने पहिली टाइल चिकटवल्यावर तो करून उपयोग नाही. एक टोक फ्रिजमागे किंवा उंच कपाटामागे झाकले जाणार असेल तर मात्र उघड्या कोपऱ्यातून अख्ख्या टाइलने सुरुवात करावी आणि तुकडा झाकल्या जागी जाऊ द्यावा.

किती टाइल्स आणायच्या? ओटा इंग्रजी एलच्या आकाराचा, एक बाजू आठ फूट आणि दुसरी पाच फूट असेल, तर १३ फूट गुणिले २ फूट म्हणजे २६ चौरस फूट. कापाकापीसाठी दहा टक्के वाढवले की साडेअठ्ठावीस. या मापाच्या पेटीत बहुधा सहा टाइल्स असतात, म्हणजे पावणेनऊ चौरस फुटांच्या आसपास. चार पेट्या लागतील आणि थोड्या टाइल्स उरतील. त्या परत करू नयेत. माळ्यावर जपून ठेवाव्यात. पुढे नळ बदलताना भिंत फोडावी लागली तर त्याच कामाला येतात. पेट्या घेताना प्रत्येकीवरचा शेडचा क्रमांक एकच आहे ना ते स्वतः वाचावे. एकाच डिझाइनच्या दोन भट्ट्यांतल्या रंगांत थोडा फरक पडतोच, आणि तो दुकानाच्या दिव्याखाली दिसत नाही, घरी खिडकीच्या उजेडात दिसतो.

आता टाइल कोणती. आपल्याकडे बनणाऱ्या टाइल्सचा फार मोठा वाटा गुजरातमधल्या मोरबीचा, आणि ग्वाल्हेरच्या दुकानांतही त्याच येतात. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल मागच्या बाजूने सच्छिद्र असते. व्हिट्रिफाइड टाइल इतकी घट्ट भाजलेली असते की ती तिच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. डॅडोला सिरॅमिक पुरते. ती हलकी, कापायला सोपी आणि स्वस्तही. चकचकीत पृष्ठभाग घ्यावा. मॅट आणि खडबडीत टाइल्स शोरूममध्ये सुरेख दिसतात, पण तेलाची वाफ त्यांच्या खळग्यांत बसते आणि नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाही. ग्वाल्हेरचा पांढरा-हिरवट वालुकाश्म फार देखणा असतो. अंगणाला, जोत्याला तो शोभतो. शेगडीमागे तो लावायचा मोह टाळावा, कारण त्यात हळद-तेल मुरले की डाग कायमचा.

चिकटवणे

जुनी पद्धत अशी: टाइल्स पाण्याच्या घमेल्यात भिजत घालायच्या, मागे सिमेंटचा लगदा थापायचा आणि भिंतीवर ठोकून बसवायच्या. सच्छिद्र टाइलला ही पद्धत चालते. टाइल पाणी पिते, तिच्याबरोबर सिमेंटचा अंश छिद्रांत शिरतो आणि धरून ठेवतो. कोरडी टाइल लावली तर ती लगद्यातले पाणी शोषून घेते आणि सिमेंट कच्चे राहते, म्हणून भिजवणे आवश्यक. व्हिट्रिफाइड टाइलला मात्र सिमेंट धरतच नाही, कारण तिच्यात शिरायला जागाच नसते. आज पडणाऱ्या टाइल्सपैकी किती तरी याच एका कारणाने पडतात.

त्यापेक्षा पोत्यातून मिळणारे टाइल ॲडहेसिव्ह वापरावे. भारतीय मानक १५४७७ मध्ये त्याचे पाच प्रकार ठरवलेले आहेत आणि पोत्यावर प्रकार छापलेला असतो. साध्या सिरॅमिकला खालचा प्रकार पुरतो, व्हिट्रिफाइडला किंवा जुन्या टाइलवर नवी लावायची असेल तर वरचा लागतो. ॲडहेसिव्ह वापरताना टाइल भिजवायची नाही, फक्त मागची धूळ ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या सवयीचा मिस्त्री तरीही भिजवतो; तिथे उभे राहून थांबवावे.

लावण्याची खरी रीत अशी. करणीच्या सपाट बाजूने ॲडहेसिव्ह भिंतीवर दाबून पसरायचे, मग दातेरी करणी एकाच दिशेने ओढायची, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा उठतात. टाइल त्यावर ठेवून रेघांना आडवी थोडी सरकवत दाबायची, की रेघा मोडून मागे सलग थर होतो. पहिल्या दोन-तीन टाइल्स लावून लगेच एक काढून पाहावी. मागची बाजू जवळजवळ पूर्ण माखलेली हवी. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबायची पद्धत सर्रास दिसते. काम झटपट होते, पण मागे पोकळ्या राहतात. सिंकजवळ त्यांत पाणी शिरते, आणि स्वयंपाकघरातल्या झुरळांना तर याहून सुरक्षित जागा मिळत नाही.

सुरुवात कुठून करायची हे ओट्यावर अवलंबून. पाणसळ ठेवून पाहावे. बरेच ओटे सिंककडे मुद्दाम जरासे उतरते ठेवलेले असतात; आठ फुटांत सात-आठ मिलिमीटर उतार सहज निघतो. अशा ओट्यावर पहिली ओळ सरळ टेकवली तर सगळ्या आडव्या रेषा उतरत जातात आणि वरच्या सरळ कपाटाशी ते लगेच कळते. तिथे दुसऱ्या ओळीच्या खालच्या पातळीवर एक सरळ लाकडी पट्टी खिळ्यांनी भिंतीला ठोकावी, वरची ओळ आधी लावावी, ती धरली की दुसऱ्या दिवशी पट्टी काढून खालची ओळ ओट्याच्या उतारानुसार कापून बसवावी. कापलेली कड खाली जाते आणि सिलिकॉनखाली झाकते.

टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर लावावेतच. ‘बिना जॉइंट’ काम मागणारे गिऱ्हाईक पुष्कळ. ते चुकीचे आहे: मे महिन्यात तापलेली टाइल थोडी फुगते, शेजारची टाइल तिला जागा देत नाही, आणि दोन्हींच्या कडा वर उचलल्या जातात. सॉकेटसाठी टाइलमध्ये काटकोनी खाच कापायची तर आतल्या कोपऱ्याच्या ठिकाणी आधी लहान गोल भोक पाडावे आणि मग कटर तिथपर्यंत आणावा. टोकदार कोपऱ्यातून तडा पुढे पळतो, गोल भोकाशी तो थांबतो.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी. भिंतीवर पसरलेल्या ॲडहेसिव्हवर उष्ण, कोरड्या वाऱ्याने लवकर साय धरते. वरून ओले दिसते पण चिकटत नाही. बोट लावून पाहावे. बोटाला काही लागले नाही तर तेवढा भाग खरवडून टाकावा आणि नवा लावावा. त्यात पाणी शिंपडून पुन्हा घोळू नये. मे-जूनमध्ये एका वेळी दोन-तीन टाइल्सपुरतेच पसरावे, पश्चिमेकडून तापणारी भिंत सकाळीच उरकावी, कूलर थेट भिंतीवर सोडू नये. जानेवारीत उलट: धुक्याच्या दिवसांत माल धरायला वेळ लागतो, तेव्हा सांधे भरायला दुसऱ्या दिवसाऐवजी तिसरा दिवस उजाडला तरी चालेल.

सांधे

डॅडोचे आयुष्य शेवटी सांध्यांवर ठरते. सांधे भरायचे सिमेंटचे ग्राउट स्वस्त आणि वापरायला सोपे, पण ते तेल आणि हळद शोषते. मराठी स्वयंपाकघरात शेगडीमागचे पांढरे सिमेंटचे सांधे महिन्याभरात पिवळसर होतात. इपॉक्सी ग्राउट महाग असते, पण ते डाग शोषत नाही. खर्च वाटत असेल तर निदान शेगडी आणि सिंक यांच्यामागे इपॉक्सी भरावे. ते मिसळल्यावर रासायनिक क्रियेने घट्ट होते आणि उष्णतेत ही क्रिया जोर धरते; म्हणून उन्हाळ्यात अर्धाच डबा कालवावा आणि टाइलवर पसरलेला अंश ओल्या स्पंजने लगेच पुसावा. दुसऱ्या दिवशी राहिलेला चिकट पापुद्रा काढणे फार त्रासाचे. सिमेंटचेच घ्यायचे असेल तर राखाडी किंवा बदामी रंग निवडावा.

ओटा आणि टाइल यांच्यामधला सांधा, आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यातला उभा सांधा, यांत ग्राउट भरू नये. ग्रॅनाइटचा ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात. कडक ग्राउट तिथे तडकते आणि त्या केसाएवढ्या फटीतून पाणी खालच्या कपाटात उतरते. तिथे बुरशी न धरणारे सिलिकॉन भरावे. भरताना दोन्ही कडांना चिकटपट्टी लावावी, साबणाच्या पाण्यात भिजवलेले बोट एकदाच सलग फिरवावे आणि सिलिकॉन ओले असतानाच पट्टी काढावी. चोवीस तास त्याला पाणी लागू देऊ नये.

मिस्त्रीचे शेवटचे पैसे देण्याआधी प्रत्येक टाइल नाण्याने पाच ठिकाणी वाजवून पाहावी, चार कोपरे आणि मध्य. पोकळ वाजेल तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी आणि ती बदलून घ्यावी. नव्याने लावलेली टाइल काढणे त्या आठवड्यात सोपे असते.

पुढची निगा रोजची. स्वयंपाक झाला की कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून फडके फिरवावे. तेल ताजे असेपर्यंत त्याला एवढे पुरते. सिमेंटच्या सांध्यांवर हळदीचा डाग पडलाच, तर सांधा धुऊन काही दिवस तिथे खिडकीतले ऊन येऊ द्यावे. हळदीचा रंग उन्हात उडतो. बोअरिंगच्या जड पाण्याने सिंकमागे पांढरे डाग पडतात. ते काढायला न्हाणीघरातले ॲसिड वापरू नये. लिंबू किंवा व्हिनेगरसुद्धा सिमेंटच्या सांध्यांवर ठेवून देऊ नये, कारण जे आम्ल क्षार विरघळवते ते सिमेंटही खाते. भांडी झाल्यावर सिंकमागची भिंत कोरड्या फडक्याने पुसली की ते डाग मुळात पडतच नाहीत.